साहेबांची केळ

पुणतांब्यात झाड लावायला कारण लागतं. ऊस लावला तर कारखाना, पेरू लावला तर बाजार, कडुलिंब लावला तर सावली आणि तुळस लावली तर पुण्य. गोदावरीच्या काठी कालव्याच्या पाण्यावर पिढ्या काढलेल्या या गावात साहेबांनी अंगणात, कुंडीत, शोभेची केळ लावली. लाल पानांची, खायला घड न देणारी, आणि किंमत विचारली की साहेबांना खोकला येतो अशी.

ही साहेबांची जात हल्ली प्रत्येक मोठ्या गावात सापडते. बाप शेतकरी, भाऊ शेतकरी, स्वतः जन्मभर फायलींत. निवृत्तीनंतर गावी बंगला. मातीच्या नात्याबद्दल बोलताना यांचा गळा दाटून येतो, पण मातीत हात घालायचा म्हटला की हातमोजे शोधावे लागतात. येणारा-जाणारा फाटकापाशी थांबतो.

"सायेब, घड कव्हा पडायचा?"

"शोभेची आहे ती."

"शोभेची हाय ते दिसतंय. पन घड?"

यावर साहेब आत जातात.

थंडी पडली आणि केळ थांबली. गावाला संप नवा नाही. 1 जून 2017 ला राज्यभर पसरलेला शेतकऱ्यांचा संप याच गावातून उठला होता. पण त्या संपाला मागण्या होत्या, चर्चेला माणसं होती. केळीने काहीच कळवलं नाही. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांना नवं पान सोडणारी ती बाई अर्धी सुरळी बाहेर काढून उभी राहिली ती राहिलीच. रात्रीचा पारा दहा-बाराच्या खाली गेला की केळ अशीच गप्प बसते, हे गावातल्या कोणीही सांगितलं असतं. पण साहेबांनी कोणाला विचारलं नाही. त्यांनी वाचलं.

वाचल्यामुळे रोग होतात. पहिल्या रात्री त्यांना पर्णगुच्छ सापडला: नवी पानं आखूड, अरुंद, ताठ, शेंड्याला जुडी बांधल्यासारखी, देठावर गडद हिरव्या तुटक रेषा, मावा हा रोग पसरवतो, औषध नाही, झाड उपटून नष्ट करावं. साहेब मध्यरात्री बॅटरी घेऊन अंगणात. लाल देठावर हिरव्या रेषा शोधत त्यांनी तास काढला. रेषा नव्हत्या. मावा मात्र होता. पानाच्या बेचक्यात, सुरळीच्या बुडाशी, काळपट ठिपक्यांची दाट वस्ती, आणि तिथवर मुंग्यांची पक्की पायवाट. माव्याच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, त्यासाठी मुंग्या त्याला गाईगुरांसारखं सांभाळतात. शेजारच्या पानाखाली पिठ्या ढेकूण, पांढऱ्या कापसाची दुलई ओढून.

मग उपचार सुरू झाले. साहेब सकाळी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, कान कोरायच्या काडीला स्पिरिट लावून, एकेक ढेकूण टिपतात. ढेकूण गुलाबी पडून मरतो. साहेब त्याच्याकडे क्षणभर पाहतात, मग दुसरा. फाईल निकालात काढायची सवय हो, दुसरं काय! दुपारी निंबोळी अर्क. संध्याकाळी साबणाचं पाणी. खोडात सोंड्या भुंगा असेल या संशयाने कापलेल्या केळखुंटाचे तुकडे कुंडीभोवती सापळा म्हणून मांडले. भुंगा एकही आला नाही, शेजाऱ्याची शेळी आली. मुळांवर सूत्रकृमी नकोत म्हणून त्याच कुंडीत झेंडू लावला. मुळात दाटी, त्यात पाहुणे. आणि सगळ्यांवर उतारा म्हणून रोज दोन बादल्या पाणी. वाढ थांबलेल्या झाडाला ते पाणी पिताही येत नव्हतं.

गावात चांगदेवांची समाधी आहे. चांगदेव चौदाशे वर्षं जगले असं परंपरा सांगते. त्याच गावात साहेबांना एका थंडीचा दम निघेना.

खरं तर एक धडा त्यांना आधी मिळाला होता. हौसेने त्यांनी सह्याद्रीच्या कड्यांवर उगवणारी चवेणी, म्हणजे रानकेळ, रोपवाटिकेतून आणली होती. पाऊस सरला तशी ती पिवळी पडली आणि मातीवरून पार नाहीशी झाली. चवेणीचा तो धर्मच आहे: कोरडे महिने कंदात झोपायचं, पावसाला उठायचं. साहेबांनी मृत्यू जाहीर करून कंद उकिरड्यावर टाकला. पुढच्या पावसात उकिरड्यावर हातभर पानं. त्यांनी ती पाहिली आणि उकिरड्याच्या खताबद्दल आणखी दोन लेख वाचले.

शेवटी धाकटा भाऊ आला. उसाला पाणी देऊन, पायाला चिखल तसाच. त्याने झाडाकडे पाहिलंच नाही, कुंडी आडवी केली आणि बुडावर एक थाप मारली. झाड मातीसकट बाहेर. म्हणजे माती नव्हतीच, नुसती मुळं, कुंडीच्या आकाराची, गोल-गोल गुंडाळलेली, आणि तळाशी कुबट वास.

"भाऊ, हिला जोडा लहान पडतोय. अन् पान्यात पाय कुजलेत."

"आणि मावा?"

"मावा कशावर नसतो? अशक्तावर जरा जास्त बसतो."

कुजकी मुळं छाटून त्याने केळ घरामागे नेली आणि मोरीच्या पाण्यापासून हातभर अंतरावर, उंचवट्यावर लावली. आपल्याकडे केळीची जागा पिढ्यान् पिढ्या तीच. साहेबांना ते मुळीच पटलं नाही. शोभेची वस्तू मागीलदारी? पण होळी झाली, ऊन तापलं, आणि केळ उठली. चैत्रात पानं छपराला लागली, उन्हात मागून दिवा लावल्यासारखी लालभडक.

तेव्हापासून पाहुणा आला की साहेब त्याला बैठकीत टेकू देत नाहीत. थेट स्वयंपाकघरातून, भांड्यांच्या ढिगाला वळसा घालून, मागच्या दाराने केळीपाशी. बाईसाहेब परवा जावेला सांगत होत्या, "पूर्वी कोणी यायचं म्हटलं की गाद्यांचे अभ्रे बदलायचे. आता मोरी घासते."