केंद्र क्रमांक 1 आणि डिजिटल उपवास

पुण्या-मुंबईच्या संगणकवेड्याची आत्मोन्नती बहुधा साधनांपासून सुरू होते आणि साधनांपाशीच संपते: आधी प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग असलेला मेकॅनिकल कीबोर्ड येतो, मग लिनक्स या मुक्त प्रणालीची एक आवृत्ती, म्हणजे डिस्ट्रो, काढून दुसरी बसवली जाते, आणि कामांची यादी ठेवणारे अ‍ॅप इतक्या निगुतीने सजवले जाते की यादीतले काम करायला रविवार उरत नाही. या श्रमांनी थकवा आला की 'डिजिटल डिटॉक्स', म्हणजे ठरावीक काळ पडद्यापासून दूर राहण्याचा उपवास, करण्यासाठी पैसे मोजून रेंज नसलेले ठिकाण शोधले जाते.

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे गाव त्यासाठी अगदी योग्य ठरावी. राज्यातील मतदान केंद्रांच्या क्रमवारीत ते पहिले असले, तरी कोणत्याही जाळ्याला न जोडलेली मतदान यंत्रे तेथे बोटीतून न्यावी लागतात, आणि सातपुड्याच्या या पट्ट्यात फोन लावायचा तर अनेकांना टेकडी चढावी लागते. (उपवास फुकट आहे, सोडण्याची सोय तेवढी नाही.) सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात 1993च्या सुमारास राज्यात सर्वप्रथम बुडू लागलेले हे गाव. धरणाच्या 1450 मेगावॅट क्षमतेच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के आहे, आणि त्यातली किती वीज कीबोर्डखालच्या रंगीत दिव्यांना जाते, याचा हिशेब कोणतेही अ‍ॅप ठेवत नाही. देशातील पहिले आधार कार्डही 2010मध्ये याच जिल्ह्यातील टेंभलीत दिले गेले, तेव्हा पहिल्या क्रमांकांची नंदुरबारला वाण नाही.