सप्रेम नमस्कार, विड्रॉल पेंडिंग

समस्त क्रिप्टो एक्सचेंज व ऑनलाइन जुगाराच्या साइटींचे सन्माननीय (आणि पत्ता न देणारे) मालक यांस,

सा. न. वि. वि.

आमचे पैसे तुमच्याकडे सुखरूप पोहोचतात. पोच म्हणून हिरवी टिक येते, वर बोनसही मिळतो. परतीच्या वाटेवर मात्र त्यांना घाटात दरड आडवी येते, म्हणून हा पत्रप्रपंच.

तुम्ही प्रामाणिक आहात, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. कॅसिनोवाल्यांचे ‘प्रोव्हेबली फेअर’ तर डोक्यावर घेऊन नाचावे असे. फासा पडण्याआधी गुपित आकडा ठरवायचा, त्याचा हॅश, म्हणजे डिजिटल ठसा, जाहीर करायचा, त्यात खेळणाऱ्याने दिलेला आकडा मिसळायचा आणि नंतर गुपित उघड करून म्हणायचे, घ्या ताडून. आम्ही ताडले. गणित चोख निघाले. पैसे अत्यंत पारदर्शकपणे गेले. निम्म्या शक्यतेच्या डावाला दुपटीऐवजी १.९८ पट द्यायची, हेही कित्येकजण उघड लिहून ठेवतात. म्हणजे शंभराच्या पैजेमागे सरासरी एक रुपया तुमचा. यात लबाडी कुठली? धीर धरला की खिसा आपोआप रिकामा होतो.

एवढेच, की हॅश फाशाचा असतो, विड्रॉलचा नसतो. जिंकलेली रक्कम काढायला गेले की खाते ‘रिव्ह्यू’त जाते. त्या रिव्ह्यूचा निकाल कोणत्या गुपित आकड्यावर ठरतो, तो कधी उघड होत नाही.

एक्सचेंजवाल्यांची प्रतिभा याहून वरची. एफटीएक्स या एक्सचेंजच्या साइटवर विमा निधीचा भरघोस आकडा झळकत असे. तो कुठून येई, हे सहसंस्थापक गॅरी वांग यांनी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात सांगितले. दिवसाची उलाढाल घ्यायची, साडेसात हजारांच्या आसपासच्या एका रँडम आकड्याने गुणायची, शंभर कोटींनी भागायची आणि येईल ते उत्तर निधीत पडलेली भर म्हणून दाखवायचे! कॅसिनोवाला बिचारा रँडम आकडा फाशापुरता वापरतो. इथे तिजोरीच फाशावर. शिवाय अलामेडा या घरच्या कंपनीला खात्यातली शिल्लक शून्याखाली नेण्याची सोय कोडमध्येच होती. आमच्या खात्यात रुपया कमी असला तर ऑर्डर लागत नाही, हे जाता जाता. नोव्हेंबर २०२२ मध्ये खातेदारांच्या पैशांत सुमारे आठ अब्ज डॉलरचे भगदाड दिसले. संस्थापक सॅम बँकमन-फ्राइड यांना पुढे २५ वर्षांची शिक्षा झाली, पण कल्पकतेला दाद द्यायलाच हवी.

कॅनडाच्या क्वाड्रिगा एक्सचेंजचे संस्थापक २०१८ मध्ये आपल्या जयपुरात वारले आणि तिजोरीच्या चाव्या त्यांच्याबरोबरच गेल्याचे सांगण्यात आले. ऑन्टारिओच्या नियामकांनी नंतर हिशेब लावला, तेव्हा बराचसा पैसा या संस्थापकांनीच बनावट खाती उघडून आधीच उडवल्याचे दिसले. म्हणजे चाव्या सापडल्या असत्या तरी फारसा फरक पडला नसता.

घरचा आहेरही आहे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्समधून दोन हजार कोटींच्या घरातली चोरी झाली. त्यावर ज्यांच्या टोकनांना चोराचा हातही लागला नव्हता, त्यांनीही तोटा वाटून घ्यावा, असा प्रस्ताव पुढे आला. समाजवादाचे हे दर्शन कमिशन घेताना कधी घडल्याचे आठवत नाही. मुंबईच्या एक्सचेंजमध्ये अडकलेल्या पैशांसाठी खातेदार मग सिंगापूरच्या हायकोर्टाकडे डोळे लावून बसले.

हल्ली तुम्ही ‘प्रूफ ऑफ रिझर्व्ह’ दाखवता, ही स्तुत्य गोष्ट. वॉलेटमध्ये अमुक इतके बिटकॉइन आहेत, हे दिसते. त्यातले उसने आणलेले किती आणि लोकांचे देणे किती, हे बहुधा तुमच्याच शब्दावर घ्यावे लागते. तुमचा शब्द म्हणजे काय, हे कोर्टाच्या कागदांत वाचून झाले आहे.

तरी माझ्या विड्रॉलचे तेवढे बघावे.

आपला,
एक व्हेरिफाइड खातेदार

ता. क. : केवायसीसाठी हातात आधार कार्ड धरलेला सेल्फी तिसऱ्यांदा अपलोड करत आहे. मालकांचाही असाच एक सेल्फी, घराच्या पत्त्यासह, उलट टपाली पाठवावा. चेहरा स्पष्ट दिसावा, चष्मा काढलेला असावा.