झोपेचं श्रेय

तान्हं मूल रात्री सलग झोपायला लागलं की घरात आधी सगळ्यांना हायसं वाटतं आणि सकाळच्या चहाला श्रेयाचा वाद सुरू होतो. आजी म्हणते मांडीवरचं थोपटणं. आई म्हणते तिनं लावलेलं वळण. बाबा मोबाइलमधून येणाऱ्या पावसाच्या आवाजाकडे बोट दाखवतो. न्हाऊ घालणाऱ्या मावशी मात्र नुसत्या हसतात. आपण भरलेल्या टाळूवर त्यांचा इतका विश्वास असतो की वादात पडायची त्यांना गरजच वाटत नाही. नातीच्या बाबतीत आमच्याकडे हे सगळं यथासांग पार पडलं. मी निवृत्त माणूस, त्यामुळे चारही बाजू शांतपणे ऐकून घ्यायला मला वेळ होता.

माझं मत असं झालं, की झोप येते ती बरीचशी वयानं. ती ज्या आठवड्यात येते त्या आठवड्यात घरात जो उपाय चालू असतो, तो गुणकारी ठरतो. आधीचे सगळे बिचारे नापास होऊन माळ्यावर जातात.

नुकत्याच जन्मलेल्या मुलाला दिवस कुठला आणि रात्र कुठली हे कळत नाही, त्यात हट्ट नसतो. पोटात असताना आईकडून मिळणाऱ्या मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकावर त्याचं भागत असतं. बाहेर आल्यावर स्वतःचं घड्याळ लागायला दोन-तीन महिने जातात. पहिल्या तीन महिन्यांत मुलाला चोवीस तासांत १४ ते १७ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगून ठेवलंय. लेकीनं मला हा आकडा दाखवला तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ‘‘बाबा, सतरा तास! मग मला तीन का मिळत नाहीत?’’ तिचा प्रश्न रास्त होता. पण हे सतरा तास मिळतात ते सगळे सुट्ट्या पैशांत. मोठ्यांच्या झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं, तान्ह्याचं जेमतेम ५० मिनिटांचं, आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी ते जागेपणाच्या काठावर येऊन जातं. त्यात पोट एवढंसं. ते रिकामं झालं की काठावरून थेट बाहेर.

बरं, त्यातली निम्मी झोप झोपेसारखी दिसतही नाही. मूल तोंड वेडंवाकडं करतं, कण्हतं, मुठी उडवतं, मध्येच गालात हसतं. आमच्या लहानपणी याचा खुलासा सोपा होता, सटवाई हसवते आणि सटवाईच रडवते. शिकागो विद्यापीठात नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी युजीन ॲसेरिन्स्की या आपल्या विद्यार्थ्याला झोपी जाणाऱ्या तान्ह्या मुलांच्या पापण्या बघत बसायचं काम दिलं होतं. (कंटाळवाणी कामं गुरूंनी शिष्यांना द्यायची पद्धत तिकडेही आहे.) त्या पापण्यांपासून निघालेला धागा १९५३ साली एका मोठ्या शोधापर्यंत गेला. झोपेचा एक प्रकार असा, की मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर फिरत असतात. तान्ह्यांची निम्मी झोप या जातीची. सटवाईचा उल्लेख त्यांच्या शोधनिबंधात नाही.

आमच्या घरची अडचण अशी, की नात कण्हली की चार माणसं चार दिशांनी धावत. झोपेतच असलेल्या त्या मुलीला उचलून, हलवून, ‘‘काय झालं गं सोन्या?’’ असं विचारून विचारून पुरती जागी करत. मग ती टाहो फोडे आणि सगळे एकमेकांना सांगत, ‘‘बघा, उठलीच होती!’’ डॉक्टरांनी सांगितलं, अशा वेळी जरा थांबून पाहा, बरेचदा ती आपली आपण परत झोपेल. थांबणं हा उपाय आमच्या घरात सर्वांत अवघड गेला. त्यात कुणालाच काही करायला मिळत नव्हतं ना.

आमच्या हिची पहिली श्रद्धा झोळीवर. वाड्यात तुळई असे. तिला जुन्या लुगड्याची झोळी बांधली आणि दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलं की बाई बसल्या जागी तांदूळ निवडत पोर निजवी. फ्लॅटमध्ये तुळई कुठली? जावई इंजिनिअर. स्लॅबमध्ये हूक ठोकण्याआधी तो किती भार पेलेल याचा हिशेब त्यानं मांडला. तो पुरा होईपर्यंत नात कुशीवर वळायला लागली होती. मग बालरोगतज्ज्ञांनी झोळीवर फुलीच मारली. रात्री झोपायची जागा सपाट हवी, गादी टणक हवी, मूल उताणं हवं, आणि आजीनं हौसेनं शिवलेली राईची उशी पहिलं वर्षभर कपाटात. झोळीत हनुवटी छातीला टेकली तर श्वासाला अडथळा होतो, हे कारण ऐकून ही गप्प झाली. ‘‘पूर्वी काय मुलं वाढली नाहीत?’’ हे वाक्य मात्र बरेच दिवस घरात फिरत होतं.

तज्ज्ञांनीही फार ताठ मानेनं फिरू नये. अमेरिकेच्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं १९४६ साली निघालेलं पुस्तक घराघरांत गेलं आणि १९५८ च्या आवृत्तीत त्यांनी मुलाला पालथं झोपवावं असं सुचवलं. कारण कागदावर पटण्यासारखं होतं, उताण्या मुलाला उलटी झाली तर घशात अडकेल. पुढे दिसून आलं, की झोपेत अचानक दगावणाऱ्या मुलांमध्ये पालथी झोपलेली जास्त असतात. ब्रिटननं १९९१ मध्ये आणि अमेरिकेनं १९९४ मध्ये ‘उताणं झोपवा’ अशा मोहिमा काढल्या. त्यानंतर तिथलं हे मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. सगळ्या वादावादीत एवढा एक मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही.

हिचा दुसरा उपाय खांद्यावर घेऊन येरझारा घालण्याचा. त्यावर लेकीनं मोबाइल पुढे केला. २०२२ साली जपानच्या रिकेन संस्थेत कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रडणाऱ्या मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले. निष्कर्ष असा, की मुलाला घेऊन पाच मिनिटं चाला, ते झोपलं की आणखी पाच ते आठ मिनिटं तसेच बसून राहा, मगच खाली ठेवा. मुलाचे ठोके बदलतात ते गादीला पाठ टेकते तेव्हा नाही, आपल्या अंगापासून ते सुटायला लागतं तेव्हाच. ‘‘हे मी फुकट सांगितलं असतं,’’ ही म्हणाली. पण बसून राहण्याची आठ मिनिटं तिच्या शास्त्रात नव्हती, हे तिनं सोयीस्करपणे सोडून दिलं. जावई घड्याळ लावून हॉल, स्वयंपाकघर, गॅलरी असा फिरला. नात झोपली. तोही सोफ्यावर बसल्या बसल्या झोपला, म्हणून तिला त्याच्या हातून काढून घ्यावं लागलं, आणि अर्थात ती उठली.

पाच-सहा महिन्यांनंतर लेकीनं बोस्टनचे डॉ. रिचर्ड फर्बर यांचं पुस्तक आणलं. मूळ १९८५ चं. लोक समजतात तसं ते मुलाला रडत टाका असं सांगत नाहीत. मूल जागं असतानाच गादीवर ठेवायचं, रडलं तर थोडं थांबून जायचं, धीर द्यायचा, बाहेर यायचं, पुढच्या वेळी जरा जास्त थांबायचं. पद्धतीत खोट नाही. पण फर्बरसाहेबांचे शेजारी आमच्या शेजारच्या काकूंसारखे नसावेत. तिसऱ्या मिनिटाला बेल वाजली. ‘‘बाळ का हो रडतंय? पोटात दुखतंय का? हिंग लावलात का बेंबीला?’’ चौथ्या मिनिटाला वरच्या मजल्यावरचे आजोबा दृष्ट काढायला मीठमोहरी आहे का, ते विचारायला आले. या इमारतीत कुठलंही मूल एकटं रडू शकत नाही. आणि मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

तरी एका बाबतीत मी लेकीच्या बाजूचा. सतरा देशांतल्या तीन वर्षांपर्यंतच्या मुलांची पाहणी २०१० मध्ये छापून आली. त्यात भारतही होता. न्यूझीलंडची मुलं सरासरी साडेसातच्या आतच अंथरुणात, हाँगकाँगची सव्वादहानंतर. आपण आशियातले लोक एकूण उशिराचे. आमच्याकडे जावई हिंजवडीहून वाहतुकीतून सुटून नऊला घरी येतो. त्याला त्याची मुलगी जागी हवी असते, आणि त्यात त्याचं काय चुकलं? तो येतो, तिला हवेत उडवतो, ती खिदळते, आणि मग दहा वाजता सगळे मिळून तिला झोप का येत नाही यावर चर्चा करतात. लेकीनं शेवटी उडवण्याची वेळ सकाळची केली. संध्याकाळी दिवे मंद, कोमट पाण्यानं अंग पुसणं, दूध, दुपटं, अंगाई, रोज त्याच क्रमानं. अंगाई कुठलीही चालते. माझा आवाज लागत नाही म्हणून मी तिला बसचे थांबे म्हणून दाखवतो, स्वारगेटपासून कात्रजपर्यंत. क्रम चुकला तर ती डोळे उघडते.

मावशींनी मध्ये गुटीत जायफळाचे चार वेढे जास्त द्यायची सूचना केली होती, झोप लागावी म्हणून. मी ती एका फटक्यात मोडली. शंभरेक वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत पाळीला जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची बाळागोळी देऊन चाळीत ठेवून जात. त्याच सुमाराच्या सरकारी अहवालांत ते नोंदलेलं आहे. इंग्लंडच्या गिरणगावांतही अफूचं सरबत मिळे. त्या बायकांना मी नावं ठेवणार नाही. मूल झोपलं नाही तर पाळी चुके, पाळी चुकली तर चूल थंड. आमच्या घरी पाच मोठी माणसं आणि एक मूल. आम्हाला जायफळाची काय घाई?

मग एका आठवड्यात नात सलग झोपायला लागली आणि मी वर सांगितलेला तो चहा झाला. मावशींनी साडी कबूल करून घेतली, तीही रंगासकट. जावयानं पावसाच्या आवाजाची वर्षभराची वर्गणी भरली. ही आपल्या बहिणीला फोनवर थोपटण्याची लय समजावून सांगत होती. सगळं असं मार्गी लागलं असताना खालच्या हिरडीत पांढरा ठिपका दिसला, आणि त्या रात्री आम्ही सगळे पहाटेपर्यंत पाळीपाळीनं येरझारा घालत होतो. सकाळी चहाला मात्र एकमत होतं. दातांमुळे.