पलीकडच्या अण्णांचं चाकावरचं बिऱ्हाड

आमच्या आणि पलीकडच्या रो-हाऊसच्या मधली भिंत जेमतेम छातीएवढी. त्यांचा कढीपत्ता इकडे झुकतो, आमच्या कुंडीचं पाणी तिकडे गळतं, आणि सकाळचं पाणी भरून झालं की मी आणि वहिनी दोन्हीकडून कोपरं टेकून उभ्या. नाशिकच्या इंदिरानगरात अशा भिंती आता फार उरल्या नाहीत.

सध्या विषय एकच. गाडी.

वहिनींचे यजमान अण्णा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. जन्म नोटांत गेला, पण घरी दहाची नोटसुद्धा दोनदा मोजून द्यायचे. त्या माणसाने जुनी ट्रॅव्हलर घेतली, आतल्या सीटा काढून पलंग, ओटा, छोटा फ्रीज बसवून घेतला, टपावर सोलरचं पॅनल ठोकलं आणि आरटीओत खेटे घालून आरसी बुकात तिची ‘मोटर कॅराव्हॅन’ अशी नोंद करून आणली. गाडी पहिल्यांदा दारात लागली तेव्हा आमचे हे म्हणाले, “काय हो, नारायणगावचा फड उतरला की काय इथे?”

मीही हसले होते. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ठीक आहे, पण विंचवाचे गुडघे दुखत नाहीत.

वहिनींचे दुखतात. गाडीची पायरी उंच, म्हणून अण्णांनी आधी लोखंडी पायरी लावली, ती घसरायला लागली. शेवटी वहिनींनी रुखवतातला पाट काढला, पितळी फुल्यांचा. गाडी थांबली की आधी पाट खाली येतो, मग वहिनी. “चाळीस वर्षं यावर पाहुण्यांना जेवायला बसवलं, आता मी उभी राहते,” म्हणाल्या.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून समोरच्या गाडीचा दिवा अण्णांना फुटल्यासारखा दिसतो. म्हणून नियम: दिवेलागणीआधी मुक्काम. पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाचच वर्षांचं मिळतं, डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो. अण्णा त्याला ‘पाच वर्षांची आरडी’ म्हणतात. एक मोडली की दुसरी काढायची, काढू देतील तोवर.

आता आतलं सांगते, कारण वहिनींनी मला सांगताना आवाज खाली केला होता. गाडीत पेटीसारखा संडास आहे. रात्री तीनदा उठणाऱ्या माणसाला तो म्हणजे देवघरच. पण पेटी रिकामी कोणी करायची? लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, या घरात अण्णांनी कपबशी विसळलेली मी पाहिली नाही. पेटी तेच नेतात. वहिनी हे सांगताना इतक्या हसल्या की कढीपत्ता हलला.

लेक नागपूरला. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, शेवटचा इगतपुरी ते आमणे तुकडा ५ जून २०२५ ला सुरू झाला. हे दोघं सिन्नरकडून चढतात आणि रमतगमत जातात. महामार्गावर कडेला गाडी लावून झोपायचं नाही, हे अण्णांचं दुसरं कलम. मेहकरला उतरायचं, लोणारला मुक्काम, पहाटे सरोवर बघायचं, मग पुढे. समृद्धीवर लोक तास वाचवण्यासाठी जातात, हे दोघं एक दिवस जास्त घालवतात.

मी आपली एसटीवाली. बाई म्हणून मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, पासष्टीच्या पुढची म्हणूनही अर्धंच. दोन अर्धी मिळून पूर्ण फुकट होतं का, कंडक्टरला विचारलं. नाही होत. पंचाहत्तरीची वाट बघा म्हणाला.

पण खरी गोष्ट पुण्याची. मुलाच्या सोसायटीत गाडी आत घेईनात. तळघराच्या तोंडाशी आडवा दांडा, गाडी त्याहून उंच. वर घ्यावी तर वॉचमन म्हणे, कमिटीला विचारा. कमिटी रविवारी भेटते. मुलगा ओशाळला, सूनबाई तर चिडलीच: “आईबाबा रस्त्यावर गाडीत झोपले, लोक काय म्हणतील?” आम्हीही इथे भिंतीवर हेच म्हणालो होतो, खोटं कशाला बोलू.

गाडी बाहेर मारुतीच्या पिंपळाखाली लागली. दोन दिवस वर जेवायला, खाली झोपायला. तिसऱ्या रात्री साडेअकराला दार वाजलं. मुलगा. ऑफिसचा पट्टा अजून गळ्यात, पायात घरातल्या स्लिपर. “चहा आहे का?” म्हणाला.

वर त्याच्या घरी वहिनी चार दिवस पाहुण्या. हा डबा कुठे, ते झाकण कुठलं, सूनबाईंच्या गॅसला हात लावावा की नाही. गाडीत ओटा त्यांचा. तिथे मुलगाच पाहुणा. आलं घातलेला चहा प्याला आणि पलंगाच्या कडेवर बसून नोकरीचं सगळं ओकला. सहा महिने फोनवर ‘बरं चाललंय’ म्हणत होता. पुढच्या रात्री नातू उशी घेऊन खाली. त्याच्या पुढच्या रात्री सूनबाईही आली, म्हणाली, वर उकडतंय.

मला विचाराल तर मुलांकडे राहायला जाण्यात अडचण प्रेमाची नसते, पलंगाची असते. नातवाची खोली रिकामी करून आपल्याला देतात आणि पहिल्या दिवसापासून आपण परतीचं तिकीट बघतो. वहिनींनी पुण्याला नऊ दिवस काढले. आधीचा उच्चांक चारचा होता.

आमचे हे आता फडाचं नाव काढत नाहीत. परवा गाडीखाली वाकून टायर बघत होते. डिझेल किती खाते, हेही विचारून झालं.

आता सिंहस्थ येतोय. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. मागच्या सिंहस्थात, २०१५ ला, आमच्याकडे अकरा पाहुणे होते आणि मी स्वयंपाकघरात झोपले होते. म्हणून कालच कढीपत्ता तोडता तोडता वहिनींना सांगून टाकलं: २ ऑगस्टला तुमची गाडी दारातच राहू द्या, आमच्या थोरल्या नणंदबाईंना लागेल. वहिनी म्हणाल्या, पाट मात्र तुम्ही टाकायचा. पलंग दोघांचाच आहे. तेव्हा बाकीच्या नातेवाइकांनी आपली सोय आत्ताच बघावी.