विषाची ठेव

अण्णांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा टीपॉयवर दोन डबे होते. मी एकाचं झाकण उघडणार तोच काकू आतून ओरडल्या, "तो नको! तो विषाचा. आपला बाजूचा." बाजूच्या डब्यात शंकरपाळे निघाले. विषाच्या डब्यात संपलेले पेन्सिल सेल होते, एकाला एक खेटून, आणि झाकणावर आकडा होता : १८७.

अण्णा बँकेतून हेडकॅशियर म्हणून निवृत्त झाले. नोटा सुटल्या, मोजणं सुटलं नाही. बिल्डिंगमधल्या सोळा बिऱ्हाडांच्या गेलेल्या ट्यूबा, उडालेले सीएफएल, मुदत टळलेली औषधं, इन्शुलिनच्या सुया, झुरळांच्या औषधाचे रिकामे डबे, सगळं त्यांच्याकडे येतं. सरकारी कागदात याला घरगुती घातक कचरा म्हणतात, अण्णा 'ठेव' म्हणतात. लांबुळक्या वहीत रीतसर नोंद होते : तारीख, वस्तू, नग, हस्ते. मी एकदा दोन सेल देऊन घाईत निघालो, तर अर्ध्या जिन्यातून परत बोलावून सही घेतली.

"टाकायचं नसतं हो, मार्गी लावायचं असतं," हे त्यांचं पालुपद. ज्या सुरात ते हे म्हणतात तो सूर मी फक्त उपवर मुलींच्या वडिलांकडे ऐकलाय. आणि अडचणही तीच. जमा करणं सोपं, स्थळ मिळत नाही. भंगारवाल्याकडे द्या म्हटलं तर म्हणतात, "तो तांबं काढून घेईल. बाकीचं काय करेल?" २०१६ च्या घनकचरा नियमांत दर २० चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र असावं असं लिहिलं होतं. त्या पानाची झेरॉक्स अण्णांच्या खिशात असते. एका कार्यालयात त्यांनी ती टेबलावर ठेवली, तर पलीकडचे साहेब म्हणाले, "काका, सुक्यात टाका ना." अण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शहराचा नकाशा पसरून कंपासने वर्तुळं काढायला बसले. त्रिज्या अडीच किलोमीटर निघते, हे मला दुधाच्या रांगेत सांगितलं.

पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून वर लाल ठिपका द्यायला लोकांना शिकवलं. आत काय आहे ते कचरा निवडणाऱ्या बाईंना न उघडताच कळावं, एवढाच हेतू. अण्णांना ती कल्पना इतकी पटली की त्यांनी फुटलेल्या काचा, सुयांची जाड बरणी, फिनेलची बाटली, सगळ्यांना ठिपके दिले. "या घरात माझ्यापेक्षा त्या बरण्याच जास्त सवाष्ण दिसतात," असं काकूंचं म्हणणं.

गणपतीत ते घरोघर दर्शनाला येतात. आरती होते, प्रसाद होतो, मग हळूच विचारतात, "औषधांचा डबा बघू का जरा?" आमच्याकडे २०१४ सालचं खोकल्याचं औषध सापडलं. बायको म्हणाली, बेसिनमध्ये ओतून टाकते. अण्णा गंभीरपणे म्हणाले, "का? मुठेतले मासे खोकतायत का?" गोळ्यांच्या पाकिटांवर ते कात्री चालवतात, म्हणजे कुणी उचलून पुन्हा विकायला नकोत. बटण सेलचा डबा मात्र माळ्यावर. पोराने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते, हे ते प्रत्येक नव्या आईला बारशातच सांगतात. बारशात!

रागावून बोलावं असं कैकदा वाटतं, पण थर्मामीटर फुटला त्या रात्रीची आठवण आडवी येते. मुलीला ताप होता. माझ्या हातून जुना पाऱ्याचा थर्मामीटर निसटला आणि फरशीवर चांदीचे मणी पळाले. बायकोने झाडू उचलला. वरच्या मजल्यावर काय ऐकू गेलं देव जाणे, पण अण्णा बनियनवर हजर. "झाडू नको! बारीक होऊन सगळीकडे जाईल. पोरीला दुसऱ्या खोलीत न्या. खिडक्या उघडा, पंखा बंद." मग लग्नाच्या दोन पत्रिका मागितल्या, टॉर्च जमिनीसरशी धरायला लावली आणि गुडघ्यांवर बसून एकेक मणी पत्रिकेवर घेतला. उरलेले बारीक कण चिकटपट्टीने टिपले. सगळा ऐवज पत्रिकांसकट लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, झाकण घट्ट. "एका सीएफएलमध्ये पाचेक मिलिग्रॅम पारा. तुमच्याकडे शंभर दिव्यांचा माल सांडला होता," ते कौतुकाने म्हणाले, सही घेतली आणि गेले. दहा मिनिटांनी पुन्हा बेल. "विचारायचं राहिलंच. ताप किती आहे?" हातात त्यांचा डिजिटल थर्मामीटर.

मागे मुलाकडे कॅलिफोर्नियाला जाऊन आले. अल्बममध्ये गोल्डन गेटचा एक फोटो आहे, फ्रीमाँटच्या घातक कचरा केंद्राचे अकरा. "गाडीतून उतरायचंसुद्धा नाही! आपण डिकी उघडायची, हातमोजे घातलेली माणसं येऊन घेऊन जातात. विचारत नाहीत, हिणवत नाहीत." मुलाकडे द्यायला काहीच नव्हतं, म्हणून अण्णांनी त्याच्या चालू रिमोटचे सेल काढून नेले होते.

उरलेल्या रंगांचं मात्र त्यांनी इथेच भागवलं. गटारात ओतू दिले नाहीत, वापरून संपवायला लावले. आमचं पंपघर त्यामुळे एका बाजूने आंबा, दुसऱ्या बाजूने मोरपंखी आहे आणि दार कुणाच्या तरी बेडरूमचं गुलाबी आहे. कुरिअरवाले ती खूण म्हणून वापरतात.

गेल्या महिन्यात एका रविवारी संकलनाची गाडी खरोखरच सोसायटीत आली. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून खाली उभे. नग मोजून दिले, गाडीवाल्या पोराच्या वहीत पानोपान सह्या घेतल्या, ट्यूबा स्वतःच्या हाताने आडव्या ठेवल्या. गाडी वळली तरी फाटकापाशी थांबून होते.

मंगळवारी काकू आमच्याकडे आल्या. आवाज खाली. "गॅलरी रिकामी झाल्यापासून नुसते बसून असतात. एखादा सेल असला तर आणून द्या हो." घरात संपलेला सेल एकही नव्हता. मी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, त्यातला काढला आणि वर गेलो.

अण्णांनी वही उघडली, तारीख घातली. मग सवयीने सेल त्यांच्या टेस्टरला लावला. टेस्टर म्हणजे टॉर्चचा बल्ब आणि दोन वायरी. बल्ब पेटला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, तारीख खोडली, शेजारी छोटी सही केली आणि सेल माझ्या हातावर ठेवला.

"यात जीव आहे अजून. जा, घड्याळ लावा. संपला की आणा."