काळी, नाव नाही, करडं शून्य

भाच्याला जावाचा पहिला क्लास लिहायचा होता. पुस्तकातलं उदाहरण मोटारीचं. आमच्या दारात मोटार नाही, शेळ्या तीन आहेत. म्हटलं, शेळीचाच लिही. जावाला देवनागरी नावं चालतात. क्लास, इंट, बुलियन हे तिचे राखीव शब्द तेवढे इंग्रजीत, बाकी क्लासचं नाव थेट 'शेळी'.

रंगापुढे त्यानं बरोबरीचं चिन्ह काढून 'काळा' लिहिलं. धाराशिव जिल्ह्यात हे कुणाला न विचारता लिहावं. एखादी बांडी नाहीतर तांबडी निघाली, तर तिच्यापुरतं बदलायचं. डिफॉल्ट किंमत म्हणजे एवढंच. नाव, करडं आणि गाभण यांपुढं मात्र गड्यानं काहीच लिहिलं नाही. तरी प्रोग्राम चालला आणि पडद्यावर उमटलं : रंग काळा, नाव नल, करडं शून्य, गाभण फॉल्स.

आई ओसरीवर शेंगा फोडत होती. त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं.

"शून्य? कुणाला इचारलंस?"

"आजी, काही लिहिलं नाही की जावा आपोआप शून्य धरतं."

"आरं, ती मागच्या महिन्यात व्यायलीय. जुळी हायती. म्हाईत नाय म्हण की! शून्य कशाला म्हनतूस?"

मी गप्प. कारण करडं त्यानं इंट ठेवली होती आणि इंटला 'माहीत नाही' असं म्हणताच येत नाही; त्याच्याकडं रिकामी जागा नाहीच. इंटऐवजी इंटिजर लिहिलं, तर कोऱ्या जागी नल, म्हणजे 'काहीच नाही', येतो. पण नलचीही खोड आहे. टोनी होअर यांनी 1965 साली अल्गॉल डब्ल्यू या भाषेसाठी ही सोय काढली आणि 2009 साली तिला स्वतःच अब्ज डॉलरची चूक म्हटलं. त्यातला आमचा वाटा भाच्यानं त्याच संध्याकाळी उचलला. शेळीच्या नावात अक्षरं किती, ते मोजायला गेला आणि नल पॉइंटर एक्सेप्शन खाऊन बसला. बिननावाच्या शेळीची अक्षरं मोजणार कशी?

गंमत म्हणजे हेच करडं मेथडच्या आत लिहिलं असतं, तर जावानं शून्य धरलंच नसतं. आधी किंमत दे, मग वापर, म्हणून कंपाइलरनं दारातच अडवलं असतं. अगदी आईसारखं.

जेवणं झाल्यावर त्यानं आणखी दोन फील्ड जोडली. जिल्हा बरोबर 'धाराशिव'. त्याच भरात जात बरोबर 'धाराशिवी'. दुसरं मी खोडायला लावलं. जिल्ह्याचं नाव 2023 साली बदललं. शेळीची जात अजून उस्मानाबादीच आहे.