‘मजा आहे बुवा तुमची!’ म्हणणाऱ्या तमाम आप्तेष्टांस अनावृत पत्र

मु. पो. श्री विजयपुरम
(आपल्यासाठी अजूनही पोर्ट ब्लेअर),
दक्षिण अंदमान.

ती. काका-काकू, आत्याबाई, मामा, सोसायटीचे चेअरमन आणि फॅमिली ग्रुपवर रोज पहाटे सुविचार टाकणारे समस्त सगेसोयरे यांस,

स. न. वि. वि.

यांची अंदमानला बदली झाल्याची बातमी ग्रुपवर पडली, तेव्हा आपण सगळ्यांनी जो आनंद व्यक्त केलात, त्याचे आभार मानायचे राहून गेले. ‘फुकटात मालदीव!’, ‘सरकारी खर्चाने दुसरा हनिमून!’, ‘आता काय, रोज बीच!’ असे संदेश आले. काळा चष्मा लावलेल्या सूर्याची आणि नारळाच्या झाडांची चित्रे आली. एकट्या गावाकडच्या थोरल्या आजोबांनी ‘काळ्या पाण्यावर? असं काय केलं त्यानं?’ असे विचारले. त्यांना आपण सगळ्यांनी मिळून गप्प केले. आता इथला पाऊस अंगावर घेतल्यावर वाटते, निदान चौकशी तेवढी त्यांनीच केली होती.

तरीही आपले म्हणणे मला सर्वस्वी मान्य आहे. आमची चैनच चालली आहे. ती नेमकी कशी चालली आहे हे आपल्याला सविस्तर कळावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

चैनीची सुरुवात सामानापासून होते. फौजीचा संसार काळ्या ट्रंकांत मावतो. वर पांढऱ्या रंगात नंबर, रँक आणि नाव. याआधीच्या बदल्यांत ट्रंका ट्रकमध्ये चढवल्या की काही दिवसांनी नव्या क्वार्टरच्या दारात उतरत. अंदमान चेन्नईपासूनही सुमारे बाराशे किलोमीटर आणि कोलकात्यापासूनही तेवढेच. मधे सगळे पाणी. म्हणजे आधी ट्रकने बंदर, मग कंटेनर, मग जहाज. प्रवासी जहाजाला अडीच-तीन दिवस लागतात. मालाचे जहाज कधी लागेल हे विचारायचे नसते. विचारले तर समोरचा माणूस आभाळाकडे बघतो, आणि ते उत्तर बरोबर असते. तोवर शेजारणीने दिलेल्या दोन पातेल्यांत आणि एका तव्यावर आमचे घर चालले. कमी वस्तूंत सुखी कसे राहावे याची शिबिरे पुण्यात फी भरून होतात म्हणे. आम्हाला ते शिक्षण सक्तीचे आणि विनामूल्य मिळाले.

विनामूल्य म्हणणे तसे बरोबर नाही, कारण सरकारने समुद्राची किंमत रीतसर ठरवलेली आहे. बदलीच्या वेळी जे एकरकमी अनुदान मिळते, ते एरवी एका महिन्याच्या मूळ पगाराच्या ८० टक्के असते. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपला जाता-येता ते १०० टक्के मिळते. सामानाचे भाडे हुद्द्याप्रमाणे ठरलेल्या वजनापर्यंत वेगळे. तेव्हा हिशेब सोपा आहे. कोरड्या जमिनीवरची बदली आणि बंगालच्या उपसागरापलीकडची बदली यांतला फरक मूळ पगाराच्या एकपंचमांश. समुद्र इतका स्वस्त असेल असे आम्हालाही वाटले नव्हते.

ट्रंका उघडल्या तेव्हा आत आणखी एक संसार थाटलेला होता, बुरशीचा. यांच्या चामडी बुटांवर हिरवट लव आली होती. कांदा-लसूण मसाल्याच्या बरणीत गुठळ्या झाल्या होत्या. लग्नातला शालू वास मारत होता. खाऱ्या हवेने मिक्सर, इस्त्री आणि सायकलची साखळी यांच्यावर एकाच वेळी काम सुरू केले. इथे पावसाळा आपल्यासारखा जूनची वाट पाहत नाही. नैऋत्येचा मान्सून मेच्या तिसऱ्या आठवड्यात आधी अंदमानच्या समुद्रात येतो आणि मग केरळकडे निघतो. तो परत फिरेपर्यंत ईशान्येचा पाऊस हजर होतो. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. टीव्हीवर ‘मान्सून अंदमानात दाखल’ अशी पट्टी दिसली की आपण गावी पेरणीचे बोलू लागता. इथे तेव्हा आम्ही गादी कुठे वाळवायची यावर बोलत असतो.

आपण म्हणाल, मग पाण्याची तरी ददात नसेल. आहे, आणि तीच या बेटाची खरी गंमत आहे. चारी बाजूंना समुद्र, वर्षातले सात-आठ महिने पाऊस, आणि मार्च-एप्रिलमध्ये शहरातले नळ एक दिवसाआड, कधी त्याहूनही उशिरा. बेटावर मोठ्या नद्या नाहीत. पडलेले पाणी उतारावरून थेट समुद्राला मिळते. शहराची मुख्य भिस्त धनीखाडीच्या धरणावर. दुष्काळी माण-खटावातली माहेरवाशीण मी, हंडे-कळशा भरून ठेवायची सवय मला जन्माची होती. ती सवय मालदीवमध्ये उपयोगी पडेल हे मात्र ठाऊक नव्हते.

घड्याळाचीही चैन सांगते. आपल्या देशाची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेली आहे आणि आम्ही त्याच्या पूर्वेला दहा अंश राहतो. त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे पाचच्या आत सूर्य उगवतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरात संध्याकाळी पाच वाजायच्या आत मावळतो. पोरे खेळून येईपर्यंत काळोख. आठ वाजता आमची मध्यरात्र. आणि आपण साडेनऊला व्हिडिओ कॉल लावून विचारता, “काय गं, इतक्या लवकर झोपलात? मजा आहे!” आपल्याकडे त्या वेळी भाजी फोडणीला पडत असते, हे मला समजते. आपल्यालाही काही समजावे म्हणून कळवले.

भाजीवरून आठवले. इथे नारळ, केळी, सुपारी भरपूर. कांदा, बटाटा बव्हंशी जहाजाने येतो. चक्रीवादळाचा इशारा लागला की जहाजे थांबतात आणि बाजारातल्या टोमॅटोला अचानक सोन्याचे मोल येते. कँटीनमध्ये साबण मिळतो, बिस्किटे मिळतात, मिक्सरही मिळतो. मेथीची जुडी मिळत नाही. ज्वारीचे पीठ तर इथल्या दुकानदाराला समजावूनच सांगावे लागते. त्यामुळे भाकरी हा आमच्याकडे सणाचा पदार्थ झाला आहे. पुरणपोळी रोजची परवडेल.

मुलांचे विचारलेत ते बरे केलेत. थोरला नववीत. राज्य बोर्डातून सीबीएसईत, तेही अर्ध्या वर्षात. मराठीचा विषय गेला. त्याच्या वर्गात बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी, शिवाय चार पिढ्यांपूर्वी छोटा नागपूरहून आणलेल्या मजुरांची पोरे, ज्यांना इथे सरसकट रांचीवाले म्हणतात. सगळी एकमेकांशी हिंदीत बोलतात. धाकटी आता आजीशी फोनवर हिंदीत बोलते आणि आजी फोन माझ्याकडे द्यायला सांगते. माझी शाळेतली नोकरी तिकडेच राहिली. यांच्या नोकरीत बदली हा सेवेचा भाग धरतात. माझ्या नोकरीत तो राजीनामा धरतात. घरी बसून इंटरनेटवर शिकवण्या घेते, आणि तेवढ्यापुरती मी खरोखरच भाग्यवान आहे. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली सुमारे २३०० किलोमीटरची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. त्याआधी इथे राहून गेलेल्या बायका उपग्रहाच्या भरवशावर माहेरचा चेहरा बघायच्या. चित्र गोठायचे ते भावाचे तोंड उघडे असतानाच.

‘निदान नवरा-बायको एकत्र आहात ना!’ असेही आपण लिहिले होते. कागदावर आहोत. अंदमान आणि निकोबार कमांड २००१ साली झाली. तिन्ही दलांची देशातली पहिली एकत्रित कमांड. मुख्यालय इथे, पण तिचे तळ उत्तरेला दिगलीपूरपासून दक्षिणेला कार निकोबार, कामोर्टा आणि ग्रेट निकोबारवरच्या कॅम्पबेल बेपर्यंत पसरलेले. हे सध्या कॅम्पबेल बेला असतात. म्हणजे पाचशे किलोमीटरहून दूर, बोट किंवा हेलिकॉप्टर, हवा असेल तसे. नकाशा काढून बघा. ग्रेट निकोबारच्या टोकापासून इंडोनेशिया दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. त्यांच्यापासून परदेश जवळ आणि बायको लांब अशी ही एकत्र कुटुंबपद्धती.

आता पाहुणचार. आपण आलात, आनंद झाला. विमानतळाला सावरकरांचे नाव, सेल्युलर जेलमध्ये त्यांची कोठडी. मराठी माणसाने तिथे डोळे पुसलेच पाहिजेत. जेलच्या सात विंग्जपैकी आता तीनच उरल्या आहेत हे मी प्रत्येक तुकडीला सांगितले आणि प्रत्येक तुकडीने तिथून बाहेर पडता पडता विचारले, “कँटीनमधून दोन बाटल्या मिळतील का?” स्वातंत्र्यलढा आणि रम यांच्यामध्ये इतके कमी अंतर असते हे मला इथेच कळले. एका मामांनी ‘जारवा दाखवशील ना?’ अशी गळ घातली. मामा, ती माणसे आहेत. त्यांच्या संरक्षणासाठी १९५६ पासून कायदा आहे आणि त्यांचा फोटो काढणे हा गुन्हा आहे. काकूंनी पर्समध्ये घातलेले प्रवाळाचे तुकडे विमानतळावर निघाले, तेव्हा त्यांनी अधिकाऱ्याला ‘आमचे जावई मिलिटरीत आहेत’ असे सांगितले. जावयांचे नाव सांगितले नाही, त्याबद्दल ऋणी आहे.

आणि आपल्या सगळ्यांचा तो आवडता प्रश्न: “क्वार्टरमधून समुद्र दिसतो का?”

याचे उत्तर मला हसत देता येत नाही. कार निकोबारच्या हवाई दलाच्या तळावर राहणाऱ्यांच्या क्वार्टरमधून समुद्र दिसत होता. किनाऱ्यालगतची घरे होती. २६ डिसेंबर २००४ हा रविवार होता. सकाळी आधी जमीन हलली आणि थोड्या वेळात पाणी आले. शंभराहून अधिक माणसे गेली, हवाई दलाचे जवान आणि त्यांच्या बायका-मुलांसकट. त्या मुलांनी कुठल्या हुकमावर सही केली नव्हती. ती तिथे होती कारण वडिलांची बदली झाली होती. ही बेटे भूकंपाच्या सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात मोडतात. इथे जमीन हलली की आम्ही टेकडीच्या दिशेने बघतो. समुद्र दिसणारे घर कोणाला मिळाले तर अभिनंदन करायची इथल्या बायकांत रीत नाही.

गैरसमज नसावा. ही तक्रार नव्हे. मुलांना रस्त्यावर खेळायला सोडता येते. शेजारीण अर्ध्या रात्री दार उघडते आणि कारण विचारत नाही. मला कोणी इथून उद्या काढले तर मी रडेन. पण सासरे गेले तेव्हा त्या दिवसाचे विमान सुटून गेले होते आणि पाण्यावरून चालत जायची सोय नव्हती, हेही त्याच बेटावरचे खरे आहे. दहाव्याला पोहोचलो. तेव्हा आपल्यातल्या एकाने मांडवातच म्हटले, “उन्हाने काळवंडलीस गं, रोज बीचवर असतेस ना?”

म्हणून एक विनंती. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडावर ही बेटे देशासाठी किती मोलाची आहेत, यावर आपण टीव्हीसमोर बसून तासभर बोलता. जहाजे किती हवीत, धावपट्टी किती लांब हवी, हे आपल्याला पाठ आहे. त्या यादीत कांदे, नववीतल्या मुलाची शाळा आणि सुनेची सुटलेली नोकरी कधी येत नाही. बदलीच्या हुकमावर नाव एकाचे असते, जागचे उठते अख्खे घर. यापुढे आपल्या गावातल्या कोणा पोराची बदली इथे झाली तर नारळाच्या झाडांची चित्रे पाठवू नका. सामान पोहोचले का, मुलांची शाळा लागली का, तुझ्या कामाचे काय झाले, एवढे तीन प्रश्न विचारा. आणि यायचेच असेल तर उन्हाचे मलम आणू नका, पाच किलो ज्वारीचे पीठ आणा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
फुकटात मालदीव मिळालेली
सौ. फौजी

ता. क. – सुरमई मात्र इथे खरोखरच ताजी मिळते. तेवढ्यापुरते ‘मजा आहे’ म्हणायला आमची हरकत नाही.